गरोदरपणापूर्वीचे जनुकीय समुपदेशन : सोलापुरातील एका सेवेचे परीक्षण

फेफऱ्याच्या आजारासाठी शाळेत असल्यापासून गोळ्या घेणाऱ्या मुलीचे लग्न झाले, की घरात जे प्रश्न आधी दबक्या आवाजात आणि मग उघडपणे विचारले जातात, त्यांतला सर्वांत अवघड प्रश्न असा असतो : तीच गोळी आणि तोच डोस घेणाऱ्या एकीचे मूल धडधाकट जन्मते, दुसरीच्या मुलाच्या पाठीच्या कण्यात व्यंग राहते, हे कशामुळे, आणि आपली मुलगी या दोघींपैकी कोणती, हे आधी कळू शकते का? या प्रश्नाचे उत्तर शोधत आमच्या घरची मंडळी होटगी रस्त्यावरच्या एका खासगी जनुकीय समुपदेशन केंद्रात गेली. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि एका प्रयोगशाळेविषयीची तक्रार तर बरीच गंभीर आहे. ज्यांना जायचे आहे त्यांना शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ पत्ता सांगतीलच.

माझे नवी पेठेजवळ औषधांचे दुकान आहे. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, वयाच्या चौदाव्या वर्षापासून सोडियम व्हॅल्प्रोएट घेते. सकाळी उठल्या उठल्या तिच्या हाताला हिसके बसत आणि हातातली कपबशी उडून पडे. मुलगी धांदरट आहे असे समजून घरच्यांनी वर्षभर तिलाच बोल लावले. पुढे एकदा मोठी फिट आली, मेंदूविकारतज्ज्ञांनी आलेख काढला आणि ‘ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी’ असे निदान केले. या प्रकारच्या फेफऱ्यावर व्हॅल्प्रोएट उत्तम लागू पडते, तसे ते तिलाही लागू पडले. तिचे लग्न तिच्या आतेभावाशी, माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या मुलाशी झाले. मामाची मुलगी सून म्हणून आणण्याची रीत आमच्या भागात नवी नाही. त्यामुळे मी मुलीची आत्या आणि मुलाची मावशी आहे, आणि भाची आजही सासूला ‘मोठी आत्या’ म्हणूनच हाक मारते. नातेसंबंधाचा हा तपशील घरगुती वाटेल, पण जनुकीय समुपदेशनात त्यालाच पहिले स्थान मिळाले.

समुपदेशक मॅडम पुण्याहून येतात आणि फक्त शनिवारी बसतात. पहिली भेट एक तासाहून अधिक चालली, आणि त्यातला बराच वेळ त्यांनी काही न सांगता केवळ विचारण्यात घालवला. त्यांनी एक कोरा कागद आडवा घेतला, पुरुषांसाठी चौकोन आणि स्त्रियांसाठी वर्तुळ काढत तीन पिढ्यांचा वंशवृक्ष मांडला, आणि भाची व तिचा नवरा यांना जोडताना एका रेषेऐवजी दोन समांतर रेषा ओढल्या. रक्ताच्या नात्यातले लग्न असे दाखवतात. माझे वर्तुळ त्यांनी वर, मधोमध काढले, आणि दोन्ही बाजूंची माणसे मला आपल्याच बाजूची समजत असल्यामुळे त्यावर थोडा वादही झाला. मग मॅडमनी अक्काला विचारले, की याच्याआधी काही मूल झाले होते का. अक्काचे पहिले मूल जन्मल्यावर काही तासांतच गेले होते; ही गोष्ट आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. अक्काने ती सांगितली. मूल रडले होते का, त्याच्या पाठीवर किंवा ओठावर काही दिसले होते का, त्या दिवसांत तुम्ही कुठली गोळी किंवा काढा घेत होता का, असे मॅडम शांतपणे एकेक विचारत गेल्या आणि अक्का उत्तरे देत गेली. घाईच्या ओपीडीत ही माहिती कधीही बाहेर आली नसती. सेवेला मी जे गुण देते आहे, त्यातले निम्मे या अर्ध्या तासाचे आहेत.

यानंतर त्यांनी मूळ प्रश्नाला हात घातला. कोणतेही औषध न घेणाऱ्या मातांच्याही दर शंभर बाळांपैकी दोन ते तीन बाळांत मोठे जन्मजात व्यंग आढळते, हे आधी मान्य करायला हवे. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांमध्ये हे प्रमाण दहाच्या आसपास जाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युरॅप’ या आंतरराष्ट्रीय नोंदवहीच्या आकड्यांनुसार व्हॅल्प्रोएटसाठी ते १०.३ टक्के होते, तर फेफऱ्यावरच्याच लॅमोट्रिजिन या औषधासाठी २.९ आणि लेव्हेटिरॅसिटामसाठी २.८ टक्के. डोसचा प्रभाव ठळक आहे : दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत ६.३ टक्के, तर १४५० मिलिग्रॅमच्या वर २५.२ टक्के. मणक्याचे टोक उघडे राहणे, टाळू दुभंगणे, हृदयाचे दोष, मुलग्यांमध्ये मूत्रमार्गाचे छिद्र जागा सोडून असणे ही त्यांतली नेहमीची व्यंगे. शिवाय डोळ्यांना न दिसणारे नुकसान वेगळेच. गर्भात व्हॅल्प्रोएटचा संपर्क आलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सहाव्या वर्षी इतर औषधांच्या गटांपेक्षा सरासरी ८ ते ११ गुणांनी कमी भरला, असे २०१३ सालच्या एका अभ्यासात दिसले.

हे ऐकून भाचीच्या नवऱ्याने जो प्रश्न विचारला तो मला आवडला. तो म्हणाला, “मॅडम, दहा टक्के म्हणजे नव्वद टक्के मुले नीट जन्मतात. ती नव्वद का वाचली, हे कोणी शोधलंय का?” समुपदेशनाचा सर्वांत सकस भाग या प्रश्नातून सुरू झाला, आणि मॅडमनी तो टाळला नाही.

औषध एकच असले तरी गर्भाचा आणि मातेचा जनुकीय ठेवा वेगळा असतो, हे प्राण्यांमध्ये फार पूर्वी दिसले होते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात क्लार्क फ्रेझर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गाभण उंदरांना कॉर्टिसोन दिले. एका जातीच्या उंदरांची जवळजवळ सर्व पिल्ले दुभंगलेल्या टाळूची निघाली, तर त्याच औषधाने दुसऱ्या जातीची साधारण पाचांतले एखादेच पिल्लू तसे निघाले. दोन्ही जातींचा संकर केला तेव्हा आई कोणत्या जातीची आणि बाप कोणत्या, यानुसारही प्रमाण बदलले. म्हणजे गर्भाची जनुके तर महत्त्वाची आहेतच, पण ज्या शरीरात तो गर्भ वाढतो त्या आईची जनुकेही तितकीच महत्त्वाची आहेत. पुढे जेम्स विल्सन यांनी गर्भविकृतीशास्त्राचे जे नियम मांडले त्यांत पहिलाच नियम हा आहे, की गर्भावर होणारा परिणाम त्याच्या जनुकीय घडणीवर आणि तिच्या परिसराशी होणाऱ्या देवाणघेवाणीवर अवलंबून असतो.

थॅलिडोमाइडचे उदाहरण देणे अपरिहार्यच होते. पश्चिम जर्मनीत हे औषध १९५७ साली ‘कॉन्टरगान’ या नावाने, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, झोपेसाठी विकले जाऊ लागले. गरोदरपणातल्या मळमळीवरही ते घेतले गेले आणि १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारातून काढले जाईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बालके आखूड हातापायांची किंवा अन्य व्यंगांची जन्मली, असा अंदाज आहे. दुकानात अडीच तपे काढल्यामुळे ही कथा मला ठाऊक होती, पण तिचा पुढचा भाग ठाऊक नव्हता. उंदरांच्या पिल्लांवर या औषधाने असा परिणाम होत नाही, हे कोडे कित्येक वर्षे सुटले नव्हते. २०१० साली जपानी संशोधकांनी थॅलिडोमाइड पेशीतल्या ‘सेरेब्लॉन’ या प्रथिनाला चिकटते असे दाखवले, आणि नंतर असे निष्पन्न झाले की उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये नेमक्या जागी एक अमिनो आम्ल वेगळे असल्यामुळे तेथे ते औषध माणसातल्यासारखे काम करत नाही. एका अक्षराएवढ्या फरकाने एक प्रजाती सुटते आणि दुसरी सापडते. माणसांमध्येही नाजूक काळात हे औषध घेतलेल्या प्रत्येक मातेचे मूल बाधित झाले नव्हते.

मात्र आमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण फेनिटॉइनचे होते. फेफऱ्यावरचे हे जुने औषध आजही सरकारी दवाखान्यांतून सर्रास दिले जाते. त्यामुळे काही बाळांना बसके नाक, आखूड बोटे, अविकसित नखे, मंद वाढ अशी लक्षणे दिसतात, हे १९७५ च्या सुमारास नीट नोंदले गेले. १९८२ साली अमेरिकेतून एक विलक्षण नोंद प्रसिद्ध झाली. एका मातेला जुळे झाले. गर्भ एकाच वेळी, एकाच पोटात, एकाच डोसखाली वाढले, पण एकाच बाळात ही लक्षणे होती. तपासणीत असे आढळले की दोन्ही बाळांचे वडील वेगवेगळे आहेत. मॅडमनी हे सांगितले तेव्हा अक्काने पदर सावरून खिडकीकडे पाहिले आणि “शिव शिव” म्हटले. पण निसर्गाने याहून चोख प्रयोग मांडून ठेवला नसता. आई तीच, औषध तेच, दिवस तेच. बदलली ती केवळ बापाकडून आलेली जनुके.

याचे एक संभाव्य कारणही सापडले आहे. यकृत फेनिटॉइनचे विघटन करते तेव्हा मधल्या पायरीवर एक घातक, अस्थिर रसायन तयार होते, आणि ‘एपॉक्साइड हायड्रोलेज’ नावाचे विकर ते निकामी करते. ज्याच्या शरीरात हे विकर कमी, त्याच्या पेशींत ते रसायन जास्त वेळ टिकते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फेनिटॉइन घेणाऱ्या मातांच्या १९ गर्भांच्या भोवतीचे पाणी घेऊन त्यातल्या पेशींमध्ये हे विकर मोजले गेले. ४ गर्भांत ते प्रमाणाच्या तीस टक्क्यांच्या खाली होते. ती चारही बालके लक्षणांसह जन्मली, बाकीची १५ तशी नव्हती. आकडा लहान आहे, पण त्यातून निघणारा अर्थ मोठा आहे. मॅडमनी लगेच पुढचे वाक्य जोडले, आणि तेच मला या सेवेचे मोल वाटते : “एवढं असूनही ही तपासणी गेल्या तीस वर्षांत नेहमीच्या वापरात आली नाही, आणि व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत तर असं एकच विकर, एकच जनुक दाखवून देता येत नाही.” व्हॅल्प्रोएट पेशीतली जनुके उघडझाप करणाऱ्या एका यंत्रणेतच ढवळाढवळ करते, फोलेट या जीवनसत्त्वाच्या चक्रातही अडथळा आणते आणि वारेतून गर्भापर्यंत किती पोचते हे वाहक प्रथिनांवरही ठरते, इतक्या दारांतून होणाऱ्या परिणामाला एकाच किल्लीने कुलूप लावता येत नाही.

आता नातेसंबंधाकडे. आतेभाऊ-मामेबहिणींचा आठवा हिस्सा जनुकीय ठेवा समान असतो, आणि अशा जोडप्याच्या मुलांत जन्मजात व्यंगाचा किंवा गंभीर आनुवंशिक आजाराचा धोका सर्वसाधारण धोक्यापेक्षा १.७ ते २.८ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा ऐकून अक्काचा चेहरा उतरला, तेव्हा मॅडमनी हेही सांगितले की उरलेली नव्वदीहून अधिक मुले निरोगीच असतात आणि झालेल्या लग्नाबद्दल कोणी कोणाला दोष देण्याचे कारण नाही. औषधाशी याचा संबंध असा, की औषध निकामी करणाऱ्या एखाद्या विकराचे जनुक कमकुवत असेल आणि त्याची एकच प्रत असेल, तर दुसरी प्रत निभावून नेते. पण आईवडील एकाच आजोबांच्या रक्ताचे असतील, तर दोघांकडून तीच कमकुवत प्रत मिळण्याची शक्यता वाढते. हे तर्काने बरोबर आहे, मात्र व्हॅल्प्रोएटबाबत त्याचा आकडा कोणी देऊ शकत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तो स्पष्टपणा मला या शहरात क्वचितच भेटला आहे.

यानंतरचा भाग तक्रारीचा आहे. केंद्रात येण्याआधी, एका खासगी प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने भाचीच्या घरी येऊन गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना नेला होता. ‘तुमच्या जनुकांना कोणते औषध मानवते’ असे त्या तपासणीचे वर्णन होते आणि तिची किंमत बारा हजार रुपयांच्या घरात होती. जाडजूड, गुळगुळीत कागदावरचा अहवाल आला. त्यात प्रत्येक औषधापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका होता, आणि सोडियम व्हॅल्प्रोएटपुढे हिरवा ठिपका होता. प्रतिनिधीने फोनवर सांगितले, की हिरवे म्हणजे चिंता नाही. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

मॅडमनी तो अहवाल शेवटच्या पानापासून वाचायला घेतला, जिथे बारीक अक्षरांत मर्यादा छापलेल्या होत्या. हिरव्या ठिपक्याचा अर्थ एवढाच होता, की भाचीच्या स्वतःच्या यकृतात व्हॅल्प्रोएटचे विघटन सर्वसाधारण वेगाने होण्याची शक्यता आहे. गर्भाबद्दल त्या ठिपक्यात एक शब्दही नव्हता आणि असू शकत नव्हता, कारण गर्भाची अर्धी जनुके बापाची असतात आणि बापाचा नमुना कोणी घेतलाच नव्हता. शिवाय अहवालात फोलेटच्या वापराशी संबंधित ‘एमटीएचएफआर’ या जनुकातला एक बदल लाल ठिपक्याने दाखवून त्यासाठी त्याच प्रयोगशाळेची महागडी पूरक गोळी सुचवली होती. हा बदल लोकसंख्येत इतका सर्रास आढळतो, की रक्तात गुठळ्या होण्याच्या किंवा वारंवार होणाऱ्या गर्भपाताच्या तपासणीतही तो पाहू नये असे ‘अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्स’ या तज्ज्ञांच्या संस्थेनेच म्हटले आहे. ज्या घरात मुलीच्या गोळीबद्दल आधीच भीती आहे, त्या घरात गर्भधारणेच्या तोंडावर व्हॅल्प्रोएटला हिरवा ठिपका देणे हा निष्काळजीपणा आहे आणि मी तो माफ करायला तयार नाही. कोणी तो ठिपका पाहून मोठा डोस तसाच चालू ठेवला असता, तर जबाबदारी कोणाची?

जनुकीय तपासण्या निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ मुळीच नाही, आणि मॅडमनीही तसे म्हटले नाही. फेफऱ्यावरचेच कार्बामॅझेपिन हे औषध सुरू करण्यापूर्वी ‘एचएलए-बी १५:०२’ हा जनुकाचा प्रकार आहे का ते पाहिल्यास त्वचा सोलवटून निघणारी जीवघेणी प्रतिक्रिया टाळता येते. ‘पीओएलजी’ जनुकात दोष असलेल्या रुग्णाला व्हॅल्प्रोएट दिल्यास यकृत निकामी होऊ शकते, म्हणून संशय असल्यास ती तपासणी करावी लागते. पण या दोन्ही तपासण्या औषध घेणाऱ्याच्या जिवासाठी आहेत. पोटातल्या बाळाला व्हॅल्प्रोएट बाधेल की नाही हे सांगणारी तपासणी आज बाजारात नाही. “समजा, मी अशी एखादी तपासणी केलीच,” मॅडम म्हणाल्या, “आणि निकाल चांगला आला, तरी मी तुम्हाला व्हॅल्प्रोएट बिनधास्त चालू ठेवा असं म्हणू शकणार नाही. वाईट आला, तरी सल्ला हाच राहील, की गरोदर राहण्याआधी औषध बदलता येतं का ते बघा. मग त्या तपासणीचे पैसे मी तुमच्याकडून का घ्यावेत?” औषधविक्रीच्या धंद्यात राहून मी असे वाक्य फार थोड्या लोकांकडून ऐकले आहे.

कुटुंबातला पूर्वेतिहास मात्र खरोखर उपयोगी पडतो. व्हॅल्प्रोएट घेत असताना जिचे एक मूल व्यंग घेऊन जन्मले, तिने तेच औषध चालू ठेवल्यास पुढच्या मुलालाही धोका इतर मातांपेक्षा जास्त राहतो, हे एकाहून अधिक देशांच्या नोंदवह्यांत दिसले आहे. आणि ज्या घरात मणक्याच्या व्यंगाचे मूल झाले आहे त्या घरातल्या मुलीला व्हॅल्प्रोएट देताना डॉक्टर जास्त जपतात. अक्काच्या गेलेल्या मुलाबद्दल इतके खोदून विचारले गेले ते याचसाठी. त्या बाळाच्या पाठीवर काही दिसले नव्हते, असे अक्काला खात्रीने आठवत होते, आणि तशी नोंद कागदावर झाली.

पुढची योजना तीन पानांच्या पत्रात लिहून मिळाली. तिचा गाभा असा होता : गोळी आपल्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही, कारण गरोदर स्त्रीला मोठी फिट येणे हे आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते, म्हणजे पाळी चुकली हे बहुतेक बायकांच्या लक्षात येऊन डॉक्टरांकडे जाईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. म्हणून जो बदल करायचा तो दिवस राहण्यापूर्वीच करायचा. मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली लेव्हेटिरॅसिटाम सुरू करून व्हॅल्प्रोएट हळूहळू उतरवायचे, आणि नव्या औषधावर फिट येत नाहीत हे काही महिने पाहायचे. लॅमोट्रिजिनचाही विचार झाला होता, पण ते काही रुग्णांत हाताचे हिसके वाढवते आणि गरोदरपणात त्याची रक्तातली पातळी घसरत असल्याने डोस वारंवार वाढवावा लागतो. व्हॅल्प्रोएटसोबत ते सुरू करताना तर अंगावर पुरळ येण्याचा धोका अधिक असतो. फोलिक अॅसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी आतापासूनच घ्यायची. ती व्यंगाचा धोका पूर्ण घालवते असे मानायचे नाही, पण ती सोडायचीही नाही. दिवस राहिल्यावर अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान एक आणि अठरा ते वीस आठवड्यांत दुसरी, अवयव तपासणारी सोनोग्राफी करायची. गंभीर दोष आढळल्यास काय, हेही मॅडमनी विचारायची वाट न पाहता सांगितले : २०२१ सालच्या दुरुस्तीनंतर, गर्भात मोठे व्यंग असल्यास चोवीस आठवड्यांच्या पुढेही वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने गर्भपात करता येतो. हे सांगताना त्यांनी भाचीकडे पाहिले, सासूकडे नाही, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते.

उणिवाही आहेत. शनिवारीच सेवा असल्यामुळे बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांची एकाच दिवशी दाटी होते, आणि दिलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास उशीर होणे तिथे नेहमीचेच आहे. बसण्याच्या खोलीत खुर्च्या अपुऱ्या आहेत आणि उभ्या असलेल्या बहुतेक बायका गरोदर असतात. व्यवस्थापनाला हे दिसत कसे नाही, याचे आश्चर्य वाटते. शुल्क पहिल्या भेटीला पंधराशे रुपये आहे, ते रास्त आहे. पण ते कुठेही लावलेले नाही, विचारल्यावर सांगतात. पत्र हातात पडायला दहा-बारा दिवस लागले आणि ते इंग्रजीत होते. मराठी प्रत मागितल्यावर दिली गेली, पण मागावी लागली. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी कुटुंबे इतकी आहेत, की अशा नाजूक विषयावर त्यांच्या भाषेत बोलणारे कोणीतरी केंद्रात असायलाच हवे. आमच्यासमोर एका विणकर कुटुंबाची आजी नातीच्या तोंडून सगळे ऐकत होती आणि नात लाजून निम्मे गाळत होती. मेंदूविकारतज्ज्ञ त्या इमारतीत बसत नाहीत, त्यामुळे पत्र घेऊन आपणच एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जावे लागते. दोन्ही डॉक्टरांनी एकदा फोनवर बोलून घेतले असते तर आमच्या दोन आठवड्यांचा गोंधळ वाचला असता.

तरीही ज्या बाईला फेफरे, हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरीन, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा अशी कोणतीही गर्भाला बाधू शकणारी गोळी चालू आहे आणि जी मुलाचा विचार करते आहे, तिने येथे जावे असे मी सांगेन, आणि ते लग्नानंतर लगेच, पाळी चुकण्याची वाट न पाहता. नवऱ्याला सोबत न्यावे; त्याच्या बाजूच्या तीन पिढ्यांची माहिती त्याच्याशिवाय कोणी देत नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटे, जुन्या चिठ्ठ्या, मेंदूचा आलेख आणि घरातल्या गेलेल्या मुलांची, न टिकलेल्या गर्भांची जमेल तितकी माहिती लिहून न्यावी. आधीच दिवस राहिलेले असतील तर मात्र शनिवारची वाट पाहू नये. त्याच दिवशी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना भेटावे, आणि तोपर्यंत गोळी नेहमीच्या वेळेला घेत राहावी.